टँकरच्या दिवसांतली बाग

“या, आत या. कोपरान् कोपरा बघा. हौद बघा, न्हाणी बघा. कुठं नळ लपवलाय ते मला दाखवा.”

आत्याबाईंनी परसदार सताड उघडलं होतं आणि गल्लीतल्या पाच-सहा बायका उंबऱ्याशीच घुटमळत होत्या. आत यावं तर आरोप केल्यासारखं आणि परत फिरावं तर खोटं पडल्यासारखं, अशी त्यांची गत. सगळ्यांत पुढे सुगलाबाई होती, आमच्या भिंतीला भिंत असलेली शेजारीण. तिच्या कमरेवर रिकामी घागर तशीच होती.

मी आत्याबाईंच्या मागे उभी होते आणि कुठं बघावं ते मला सुचत नव्हतं. हे सगळं माझ्या गजऱ्यावरून झालं होतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. लग्न होऊन मी बालाघाटाच्या पायथ्याच्या त्या तालुक्याच्या गावी आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. माझे यजमान परगावी बँकेत, ते शनिवारी यायचे. एरवी घरात आम्ही तिघंच: आत्याबाई, मी आणि सासरे, ज्यांना मी मामा म्हणायची. मामा नगरपालिकेच्या पाणीखात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. गाव त्यांना अजून बिडवेसाहेबच म्हणायचं. गल्लीला टँकर कधी पाठवायचा, हे ठरवणारी कार्यालयातली माणसंसुद्धा त्यांच्या हाताखाली शिकलेली.

त्या वर्षी गावचा तलाव संक्रांतीलाच तळाला गेला. होळीनंतर नळाला पाणी आलं नाही. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा आणि घरटी दोन घागरी मिळायच्या. वैशाख संपत आला तरी आभाळात ढगाचं नाव नव्हतं. गल्लीतली तुळससुद्धा काड्या होऊन उभी होती. आणि आमच्या परसात बाग फुलली होती.

नुसती हिरवी नव्हे, फुलली होती. भिंतीकडेनं मोगऱ्याची रांग, ड्रममध्ये मदनबाण. हौदाच्या अंगाला पिवळा-तांबडा गलांडा. फाटकापाशी गुलाबी कण्हेर. फुटक्या घमेल्यांमधून ऑफिसटाइमची फुलं, ऊन चढलं की डोळे उघडणारी. तिन्हीसांजेला उमलणारी गुलबक्षी. आणि न्हाणीच्या मोरीपाशी कर्दळ, पुरुषभर उंच, लालभडक, पानं केळीसारखी रुंद आणि ताठ. उन्हाळा सरताना कोणती झाडं टिकतात, कोणती नखरे करतात, हे आत्याबाईंना माणसांच्या स्वभावासारखं पाठ होतं. “मोगऱ्याला चैत्रात उपाशी ठेवावं, मग वैशाखात तो हात राखत नाही,” असं त्या म्हणायच्या. “सदाफुली सवतीच्या पोरासारखी. कुणी नाही बघितलं तरी वाढते.”

रोज संध्याकाळी त्या मोगरा तोडायच्या, पायरीवर बसून गजरा ओवायच्या आणि माझ्या वेणीत माळायच्या. सकाळपर्यंत तो टवटवीत राहायचा. मी तसाच घालून टँकरच्या रांगेत जायची. मला त्यात काही वाटायचं नाही. घरात सासू सुनेला गजरा माळते याचं उलट कौतुकच होतं मला.

त्या सकाळी रांगेत माझ्या मागे सुगलाबाई होती. तिनं वाकून वास घेतला.

“ताजा हाय की.”

मी हसले. ती हसली नाही.

“माझी पोरगी बाळंतपणाला आलीया. दवाखान्यात पाणी न्हाई म्हणून तिसऱ्या दिवशी घरी धाडली त्यांनी. पोराला मी ओल्या फडक्यानं पुसून काढते. आमच्याकडं बाळंतीण बिनअंघोळीची, अन् तुमच्याकडं फुलं न्हातेत. कुठलं पाणी हाय ते, वैनी?”

 सगळ्या माझ्या केसांकडे बघत होत्या. घागरी भरून परत येताना मी एका हातानं गजरा ओढून काढला आणि मुठीत चुरगळला.

घरी पाऊल टाकलं तोच आत्याबाईंनी विचारलं, “वेणी मोकळी का गं?” मला बनवून सांगता आलं नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी पिठाचे हात धुतले नाहीत, पदराला पुसले आणि सरळ गल्लीत गेल्या.

म्हणून त्या बायका दारात उभ्या होत्या.

“बघा,” आत्याबाई म्हणाल्या आणि एकेक जागा बोटानं दाखवत चालल्या. “या फरशीवर मी अर्ध्या बादलीत अंघोळ करते. खाली हे घमेलं ठेवते. ते पाणी मोगऱ्याला. तांदळाचं धुवण गलांड्याला. भांड्याचं शेवटचं पाणी कण्हेरीला. धुणं मी आठवड्याला एकदा धुते. सून साक्ष आहे. माझ्या झाडांनी या गल्लीचा थेंब प्यायला असेल तर…”

त्यांनी गळ्यातली चांदीची डबी मुठीत धरली. त्या डबीत त्यांचं इष्टलिंग होतं. अंघोळीनंतर त्याची पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नसत.

“तर याची शपथ. माझं वाटोळं होईल.”

ओसरीवर पेपर वाचत बसलेले मामा ताडकन उठले. “काय लावलंय हे? शपथा कसल्या घेतेस चार बायकांपुढं? आत ये.”

“चार बायकांत नाव गेलं, अहो. चार बायकांतच ते धुवायला लागतं.”

 मामा पेपर तिथंच टाकून आत गेले.

 मग सुगलाबाईनं घागर खाली ठेवली, पुढं आली आणि वाकून आत्याबाईंच्या पायांना हात लावला.

“चुकलं माझं, आक्का. उन्हानं डोकं फिरतंय माणसाचं.”

आत्याबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिला उठवलं, ओंजळभर मोगरा तोडून तिच्या पदरात घातला. “पोरीच्या उशाशी ठेव. तेवढंच तिला बरं वाटेल.” बाकीच्या बायकांनाही फुलं दिली. सगळ्या ती घेऊन, माना खाली घालून गेल्या. त्या संध्याकाळी आत्याबाईंनी माझ्या वेणीत नेहमीपेक्षा मोठा गजरा माळला. दुसऱ्या दिवशी मी तो घालून रांगेत गेले. कुणी एक शब्द बोललं नाही. मला वाटलं, मिटलं.

त्यानंतर आठवडाभरानं आम्ही कुरडया घातल्या. दुपारी ऊन डोक्यावर असताना त्या उलटायला मी गच्चीवर गेले. पाठोपाठ आत्याबाई आल्या, डोक्यावर ओला पंचा टाकून. गल्ली निपचित पडली होती. कुत्रीसुद्धा गटाराच्या कोरड्या खळग्यात निजली होती. आम्ही दोघी उकिडव्या बसून कुरडया सोडवत होतो, आणि मला खालून आवाज आला. पाण्याचा. बारीक, सलग, खळखळता.

मी कठड्यावरून वाकले.

कर्दळीच्या मागे मामा बसले होते. अंगात बंडी, धोतर गुडघ्यांवर खोचलेलं. एक फरशी उचलून बाजूला ठेवली होती. खालच्या खड्ड्यातून एक काळी रबरी नळी निघाली होती, आणि तिची धार ते अंगठ्यानं दाबून, आवाज होऊ नये म्हणून जमिनीलगत धरून, मोगऱ्याच्या आळ्यात सोडत होते. एक आळं भरलं की पुढच्यात. अगदी हळू, लहान मुलाला दूध पाजावं तसं.

माझ्या शेजारी आत्याबाई येऊन उभ्या होत्या हे मला त्यांच्या श्वासावरून कळलं.

 हातातली कुरडई त्यांनी परत वाळवणावर ठेवली, नीट, न मोडता. मग जिना उतरल्या. मी मागून गेले.

मामांनी त्यांना बघितलं आणि नळी हातातून सुटली. पाणी धुळीत पसरत आमच्या पायांपर्यंत आलं. थंड होतं.

“बंद करा,” आत्याबाई म्हणाल्या.

मामांनी खड्ड्यात हात घालून तोटी फिरवली.

“कुठली लाइन ही?”

मामांनी ओले हात धोतराला पुसले.

“अहो, मी विचारते. कुठली?”

“जुनी आहे. आपल्या भिंतीमागून जाते. दुपारी तासभर पाणी सोडतात तिला.”

“कुणाला जातं ते पाणी?”

मामा उठून उभे राहिले. धोतर सोडून खाली केलं. त्यांची नजर माझ्याकडे आली आणि लगेच दुसरीकडे गेली.

“दवाखान्याला,” ते म्हणाले. “पण बोटाएवढी धार घेतो मी. तेवढ्यानं दवाखाना कोरडा पडत नाही. मला हिशेब कळतो पाण्याचा. सगळं आयुष्य तेच केलंय.”

“कधीपासून?”

“होळीपासून.”

आत्याबाई मोरीच्या कट्ट्यावर बसल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, “मी गळ्यातलं लिंग हातात धरून शपथ घेतली. तुम्ही ओसरीवरच होतात. ऐकत होतात.”

“मी तुला नको म्हणत होतो! आत ये म्हणालो की नाही? विचार सुनेला.”

“खरं का नाही सांगितलंत?”

मामांचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. गावात मान वर करून चालणारा माणूस, आणि तो आपल्याच परसात बायकोसमोर पोरासारखा उभा होता.

“मागच्या दुष्काळात तुझी बाग गेली,” ते म्हणाले. “तेव्हा मी नोकरीत होतो. तू काय म्हणाली होतीस, आठवतं? अख्ख्या गावाला पाणी पाजलंत, म्हणालीस, माझी चार झाडं तेवढी जगवता आली नाहीत. किती महिने धड बोलली नाहीस माझ्याशी. जेवायला वाढायचीस आणि उठून जायचीस. एवढी वर्षं मी कुणाचा थेंब इकडचा तिकडं केला नाही. तुझ्या त्या बोलण्यापायी केलं मी हे. आता मला कोण विचारणार आहे, असंही वाटलं. तुला फुलं दिसली पाहिजेत, एवढंच डोक्यात होतं.”

आत्याबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पदरानं तोंड झाकून घेतलं. रडत होत्या की काय, मला कळलं नाही. पदर काढला तेव्हा डोळे कोरडे होते.

“वैजू,” त्यांनी मला हाक मारली, “दोन घागरी भर हौदातनं.”

“अगं, ते प्यायचं आहे,” मामा म्हणाले.

“भर.”

आम्ही दोघी एकेक घागर घेऊन शेजारी गेलो. सुगलाबाईची मुलगी खाटेवर कूस करून पडली होती. घाम, धूप आणि आंबूस दुधाचा कोंदट वास होता. बाळ झोळीत कुरकुरत होतं. सुगलाबाई मुलीला वारा घालत बसली होती. ती लगबगीनं उठली आणि पोतं अंथरू लागली.

“बसत नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “हे पाणी पोराच्या अंघोळीला. आणि एक सांगायला आलेय. ऐकून घे. मी तुमच्यापुढं शपथ घेतली ती खोटी होती. आमच्या घरात चोरीचं पाणी आहे. दवाखान्याच्या लाइनीचं. मला आज कळलं.”

सुगलाबाईनं खाली बघितलं. घागरीच्या काठावरून बोट फिरवलं.

“ठाव हाय मला,” ती म्हणाली.

“काय?”

“माझी न्हाणी तुमच्या भिंतीला लागून हाय, आक्का. दुपारी पोरीला निजवायला बसलं की पाणी वाजतंय. रोज ऐकते.”

“मग त्या दिवशी माझ्या पाया का पडलीस तू? चुकलं का म्हणालीस?”

 खाटेवरच्या मुलीनं आईकडे बघून नको म्हणून मान हलवली. पण सुगलाबाई बोलली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

“तुम्ही लिंगावर हात ठिवला. आता तुम्हाला ठाव होतं का न्हवतं, ते तुमचं तुमाला. पर साहेब उठून आत गेले ते समद्यांनी बघितलं. कार्यालयातली माणसं त्यांच्या शब्दातली. साहेबांनी एक शब्द टाकला तर आमच्या गल्लीचा टँकर बंद व्हायचा. तुमच्याशी वाकडं घिऊन आम्ही कुठं जावं? म्हणून पडले पाया.”

“समद्यांनी?” आत्याबाईंनी विचारलं. “म्हणजे बाकीच्यांनाही माहीत आहे?”

“गल्लीत कुणाला ठाव न्हाई?”

म्हणजे त्या सकाळी परसात उभ्या असलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. आत्याबाई एकेक झाड दाखवत होत्या, घमेलं दाखवत होत्या, तांदळाच्या धुवणाचं सांगत होत्या, आणि त्या सगळ्या ऐकून घेत होत्या. मोगऱ्याची फुलं पदरात घेऊन माना खाली घालून गेल्या होत्या. आणि मी दुसऱ्या दिवशी मोठा गजरा माळून त्यांच्यामध्ये उभी राहिले होते. माझे कान तापले. केसांत त्या वेळीही गजरा होता. तो काढावा तर सगळ्यांना दिसणार, म्हणून मी काढला नाही.

आत्याबाईंनी घागरी सुगलाबाईच्या भांड्यांत रित्या करून घेतल्या. झोळीतल्या बाळाकडे वळून बघण्याचं धाडस त्यांना झालं नाही. निघताना सुगलाबाई म्हणाली, “आक्का, आमचं नाव सांगू नका साहेबांला.” त्यावर आत्याबाईंनी फक्त तिचा हात दाबला.

संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी त्या परसाच्या पायरीवर बसल्या होत्या. मोगरा फुलून आला होता, पण त्यांनी तोडला नव्हता. मला राहवलं नाही. मी जवळ बसून म्हटलं, “आत्याबाई, तुम्हाला कुठं माहीत होतं? तुमचा काय दोष यात?”



“कर्दळीला किती पाणी लागतं, मला माहीत नाही होय गं?” त्या म्हणाल्या. “वैशाखात घमेलंभर पाण्यावर कर्दळ अशी उभी राहते? रोज सकाळी मातीत बोट घालायची मी. ओल लागायची. मी ओतलेल्या पाण्याची ओल नव्हती ती. खोल होती. आणि मी काय म्हणायची, ठाऊक आहे? माझ्या हाताला गुण आहे, म्हणायची.”

त्या हसल्यासारख्या झाल्या.

“शपथ घेताना पण ते मनात आलं होतं. एक क्षण. म्हणून तर इतक्या मोठ्यानं घेतली.”

 आज मीही सासू झाले आहे. पण त्या पायरीवर त्या माझ्याशी जे बोलल्या, ते मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा नगरपालिकेत गेले. आपणच तोटी जोडली होती, असं त्यांनी तिथं सांगितलं. ते आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं, रात्रीच्या जेवणात, खाली बघून सांगितलेलं. कुणी रागावलं नाही. उलट खुर्ची दिली, चहा मागवला. “साहेब, तुमच्या घरची झाडं जगली तर काय बिघडलं? एवढ्यासाठी उन्हात आलात होय?” असं तिथली माणसं हसून म्हणाली. मामांनीच हट्टानं फिटर आणला आणि तिसऱ्या दिवशी भर सकाळी, सगळी गल्ली बघत असताना, खड्डा उघडून तोटी काढून टाकली, लाइनीला पाडलेलं भोक बुजवून घेतलं. स्वतः फरशी हातात धरून उभे होते. फिटर गेल्यावर त्यांना ती खाली ठेवायचं सुचेना. मी जाऊन घेतली.

आत्याबाईंनी त्या दिवसापासून बागेला पाणी घातलं नाही. अंघोळीखालचं घमेलं उचलून अडगळीत टाकलं. मी म्हटलं, निदान तांदळाचं धुवण तरी; ते तर आपलंच. त्या म्हणाल्या, “आपलं कोणतं नि परकं कोणतं, ते मला आता सांगता येत नाही.” ते पाणी त्या गल्लीतल्या शेळ्यांपुढं ठेवायच्या. सगळ्यात आधी कर्दळ गेली. पानांच्या कडा करपल्या, मग ती मधोमध मोडून पडली. गलांडा माना टाकून वाळला. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळाल्या. ओसरीवरून मामांना सगळं दिसायचं. त्यांनी खुर्ची फिरवून घेतली नाही. पेपर मांडीवर ठेवून ते बागेकडे बघत बसायचे. आत्याबाई त्यांना वेळेवर जेवायला वाढायच्या, आणि या खेपेस उठून जायच्या नाहीत. समोरच बसून राहायच्या.

आणि एका सकाळी टँकरचा भोंगा वाजला तेव्हा मी घागरी घ्यायला गेले, तर घागरी जागेवर नव्हत्या. मामा एक घागर घेऊन फाटकापाशी उभे होते आणि दुसरी आत्याबाईंच्या हातात होती. तोवर त्या दोघांपैकी कुणी टँकरवर गेलं नव्हतं. मी कळशी घेऊन मागून निघाले.

मामांना बघताच रांग आपसूक फुटली. बायका बाजूला सरल्या, मधे वाट झाली. टँकरवाला वरून ओरडला, “साहेब, तुम्ही कशाला आलात? घरी जावा. नळी दारापर्यंत आणून हौद भरून देतो की!”

सगळ्यांनी ऐकलं. मामा त्या मोकळ्या वाटेत घागर धरून उभे राहिले. मागंही जाता येईना आणि पुढंही. त्यांच्या मानेवरची शीर फुगलेली मला दिसत होती. तेव्हा आत्याबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला आणि त्या रांगेच्या शेवटाकडे चालू लागल्या. मामा त्यांच्यामागून गेले. शेवटच्या बाईच्या मागे आम्ही तिघं उभे राहिलो. तिनं पुढं जा म्हणून खूण केली. आत्याबाईंनी मान हलवली.

ऊन चढत गेलं. रांग पुढं सरकायची, थांबायची.  आमच्यापुढं दोन बायका राहिल्या तेव्हा नळीतून हवेचे फुरफुर आवाज यायला लागले, धार बारीक झाली आणि तुटली. टँकरवाल्यानं नळी गुंडाळली. यावेळी त्यानं मामांकडे बघायचं टाळलं.

बायका पांगल्या. सुगलाबाई भरलेली घागर डोक्यावर घेऊन आमच्यासमोरून चालली होती. ती आमच्यापाशी थांबली. आत्याबाईंनी मान वर केली नाही. सुगलाबाईनं आमच्या घागरींकडे बघितलं, मग मामांकडे, मान सरळ ठेवून, घागर न हलू देता.

“उद्या लौकर या,” ती म्हणाली. “दिवस उगवायच्या आत नंबर लावावा लागतंय. इतक्या उशिरानं मिळत नसतंय.”

“येतो,” मामा म्हणाले.

आणि रिकाम्या घागरी घेऊन आम्ही घरी आलो.